मागून चालणारी

१

मोहाची फुलं वेचाले निघालो की पुढं मी, मध्ये माझी लेक दामिनी आणि सगळ्यात मागं माझी जाऊ भागीरथा. हे आमचं ठरलेलं. भागीरथेच्या तोंडाले टाळा नाई, म्हून तिले मागं ठेवलं. नवऱ्याच्या कागाळ्या, सुनेचा सैपाक, दुखणारा गुडघा, सगळं ती मागून सांगत येते आणि आम्ही हूं हूं करत पुढं चालतो. डोकं उठते कधी कधी. पण ती बोलून राह्यली म्हणजे ती आहे. बोलणं थांबलं की लगेच मागं वळाचं. वाघ नजरेसमोरून येत नाई, पाठीवर येते, हे आमच्या इकडच्या शेंबड्या पोरालेही माहीत आहे.

आमचं गाव मोहर्लीच्या अलीकडं, जंगलाले लागून. दामिनीचा बाप, खुशाल त्याचं नाव, तलावात जाळं टाकते, मी मासोळ्या विकते, आणि मोहाच्या दिवसात सकाळी उजाडलं की टोपलं घेऊन जंगलात. यंदा या घरात एक माणूस वाढलं. युकारी. जपानची पोरगी. दामिनीच्या चंद्रपूरच्या कॉलेजात शिकाले आली होती आणि तिले मोहाचा हंगाम गावात राहून पाहाचा होता.

मी पहिले साफ नाई म्हणलं. इथी वाघ, तिथी विंचू, लोकाच्या लेकराची जबाबदारी कोण घेईन? मग दामिनीनं मोबाईलवर तिच्या आईले दाखवलं. साधीशी बाई, माझ्याच वयाची. काही बोले आणि वाके, बोले आणि वाके. मले एक अक्षर समजलं नाई, पण आई समजली. माझ्या तोंडातून निघून गेलं, "बाई, तुमची लेक ते माझी लेक. तिच्या केसाले धक्का लागू देणार नाई." दामिनीनं ते इंग्रजीत सांगितलं, तिकडून कोणी जपानीत सांगितलं, आणि ती बाई रडाले लागली. झालं, आता शब्द दिला.

२

पोरगी मोठी गुणाची. भात दिसला की खूश. झिंग्याची चटणी बोटं चाटून खाये आणि नाकातून पाणी आलं तरी आणखी मागे. मराठी क्लास लावून शिकली होती, तर बोलणं एकदम पुस्तकातलं. "काकू, मला थोडे वरण मिळेल का?" खुशाल म्हणे, "हे तर तहसीलदारीण आली आपल्या घरी." मग ती पण हसे, तोंडावर हात ठेवून.

मागच्या साली गावात प्लॅस्टिकचे मुखवटे वाटले होते, डोक्याच्या मागं बांधाले. वाघाले वाटाले पाहिजे की माणूस आपल्याकडंच पाहून राह्यलं. पोराईनं ते खेळाले नेले, उरले ते गोठ्यात टांगून होते. युकारीनं ते पाह्यले आणि तिचे डोळे चमकले. तिचे आजोबा कागदाचे मुखवटे बनवत, म्हणे. मग काय, आमच्या ओसरीत जुने पेपर, भाताची खळ आणि पालथी घागर. घागरीवर थरावर थर चिकटवून तिनं चेहरे वाळवले आणि रंगवले, प्रत्येकीले तिचाच चेहरा.

भागीरथेचं तोंड उघडं काढलं होतं. आम्ही हसून हसून पडलो. माझ्या कपाळावर आठ्या काढल्या होत्या. मी म्हणलं, "मी अशी दिसते काय गं?" तर दामिनी म्हणते, "आई, तिनं तर कमीच काढल्या."

स्वतःसाठी मात्र युकारीनं दुसराच चेहरा केला. लांबट, गोरा, हनुवटीवर तीळ. त्या चेहऱ्यात कोणी तरी होतं.

"ही माझी ताई," ती म्हणाली. "सायो. ती पंधरा वर्षांची असताना तापाने गेली. मी लहान होते. शाळेत जाताना मी रस्त्यात कुठेही उभी राहायचे, म्हणून ती नेहमी माझ्या मागून चालायची."

 तिच्या केसातून हात फिरवला आणि मीच माझ्या हातानं तो मुखवटा तिच्या डोक्यामागं बांधून दिला.

३

पहिले पहिले मजाच वाटली. आता मागच्या बाईले समोरच्या बाईची वेणी नाई, तोंड दिसे. भागीरथा तर युकारीच्या त्या मागच्या चेहऱ्याशी तासन् तास बोले. हाताचे हावभाव करून बोले. मी म्हणलं, "कागदाशी काय बोलतेस, येडी?" तर म्हणते, "तुमच्यापेक्षा बरी ऐकते बाई ते."

एक दिवस भागीरथेचा गुडघा धरला, ती आली नाई. मी मागं राह्यली. पुढं दामिनी, मध्ये युकारी. चढावावर मी विचारलं, "दमली का गं?"

"नाई बाई, मले काही होत नाई. तुम्ही सांभाळून या, इथी गोटा आहे."

पानाखाली खरंच गोटा होता. तो ओलांडून मी पुढं गेली, झाडाखाली टोपलं ठेवलं, फुलं वेचाले बसली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. युकारी मले काकू म्हणते. "मले" नाई, "मला" म्हणते. बाई मले भागीरथा म्हणते, आणि ती तर घरी होती.

मी मान वर केली तर युकारी कानातून ते पांढरे बोंडं काढून राह्यली होती, गाणे ऐकाचे. "काकू, आपण मला काही म्हणालात का?"

मी दामिनीले विचारलं. ती म्हणे, मी तर शब्द बोलली नाई. बोलली असन आणि विसरली असन. जंगलात आवाज कुठचा कुठी लागते. इतक्या वर्षांची मोह वेचणारी बाई मी, कागद बोलला असं कोणाले सांगू? लोक म्हणतीन मोहाची फुलं वेचते का पिते.

४

दुपारचं ऊन कडक. आंगणात मोह वाळत घातले होते आणि मी ओसरीत बसून कोंबड्या हाकलून राह्यली होती. खुशाल बाहेर, दामिनी चंद्रपूरले. युकारी ओसरीच्या टोकाले खांबापाशी बसली होती, सावलीत, तोंड माझ्याकडं.

मी बोलाले लागली. दामिनीच्या लग्नाची चिंता, तिचं शिक्षण, खुशालचं दमा असून बिडी न सोडणं. असं मी कोणाजवळ बोलत नाई. पण ती अशी ऐके, असं डोकं हलवे बरोबर जागी, की माझं मन मोकळं होत गेलं. मी म्हणलं, "लेकीले पाठवाचं म्हणलं की जीव तुटते गं." तिनं मान हलवली. मले वाटलं तिच्या डोळ्यात पाणी आलं.

मग मी तिच्या हाताकडं पाह्यलं.

हात काही तरी करून राह्यले होते, पण ते दिसत नव्हते. ते तिच्या पलीकडं होते. कोपरं माझ्याकडं आली होती. माणूस समोर तोंड करून बसलं तर त्याची कोपरं अशी येत नाईत, आणि गुडघे आपल्याकडं पाहिजेत. गुडघे नव्हते. पाठीवर कुर्त्याची शिवण सरळ खाली गेली होती, आणि तिच्या वर तो चेहरा, हनुवटीवर तीळ.

"युकारी?" मी म्हणलं.

ती वळली. खरा चेहरा दिसला. मांडीवर वही, हातात पेन, डोळे झोपेनं जड. "हो काकू?"

मी म्हणलं, काही नाई. उठून आत गेली आणि माठातलं पाणी पिली. माझंच चुकलं. ऊन, सावली, म्हातारे होत चाललेले डोळे. पण मान हलवली होती, हे मी कोणत्या डोळ्यावर ढकलू?

५

त्यानंतर माझं लक्ष तिच्यावरच. तिनं मुखवटा उतरवणं सोडून दिलं. दुपारी झोपाची तर पालथी, उशीत तोंड घालून, आणि तो चेहरा वर आढ्याकडं पाहात राहे. जेवण कमी झालं. वरण मागणं गेलं. चालणं पण कसं तरी, खोलीतून येताना पहिले पाठ बाहेर येई. मराठी विसरल्यासारखी करे, एक एक शब्द शोधे.

खुशालले सांगितलं तर हसला. "पोरगीले घरची आठवण येऊन राह्यली. तुमची बायाईची भुताटकी चालू." आणि त्याच दमात म्हणे, "बोलणं मात्र आता आपल्यासारखं शिकली हां. आत्ता फाटकापाशी म्हणे, भाऊ, आज मासोळ्या भेटल्या काय?"

युकारी तेव्हा आत झोपली होती. दाराले बाहेरून कडी मी लावली होती.

मी कडी काढली. सरळ आत गेली, तिच्याजवळ बसली आणि केसाखालची गाठ सोडाले लागली. तिनं माझा हात धरला. उशीतूनच बोलली, बारीक आवाजात. "नको ना काकू. काढले की ताईला अंधार होतो."

माझी बोटं त्या गालाले लागली. कागद ऊन होता. बाहेरचं ऊन असन, मी मनाले म्हणलं. पण ती खोली सावलीची, तिथी उन्हाळ्यात पण चटई गार लागते. आणि तो गाल मऊ होता.

खोटं काऊन बोलू, भ्याली मी. पण कोणाले भ्याचं, हेच समजेना. एका तापानं गेलेल्या पोरीले? तिनं तर माझ्या पायाखालचा गोटा सांगितला. मी ठरवलं, सकाळी दामिनीले फोन करते, युकारीच्या आईशी बोलते आणि पोरगीले चंद्रपूरले पोचवून देते.

६

सकाळी अंथरूण रिकामं होतं. टोपलं पण नव्हतं.

खुशाल तलावावर गेला होता. मी आंगणात धावली. आंगण मी रात्री सारवलं होतं, ते अजून ओलंच होतं आणि त्याच्यावर तिची पावलं उमटली होती. पावलं जंगलाच्या वाटेवरून घराकडं आलेली होती, जाणारी एकही नव्हती. घरात तर कोणी आलं नाई. उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आलं. पोरगी पाठमोरी चालत गेली होती. किंवा तिच्या मतानं सरळच चालत गेली होती.

पायात चप्पल घालाचं सुचलं नाई. भागीरथेले हाक मारून मी पुढं पळाली.

आमच्या मोठ्या मोहाखाली ती बसली होती. टोपलं अर्धं भरलेलं. सायोचा चेहरा माझ्याकडं, सकाळचं कोवळं ऊन त्याच्यावर. तिनं मले पाह्यलं आणि हसली. आता कागद कसा हसन, हे मी स्वतःले विचारलं नाई.

"आल्या काय बाई? बसा. फुलं मस्त पडली आज."

मी बसली नाई, कारण तिच्या खांद्यावरून मले पलीकडचं दिसून राह्यलं होतं. रायमुनियाच्या झुडपात पहिले कान दिसले. मग कपाळ. तो पोट जमिनीले लावून सरकत होता, सावकाश, थांबत, पुन्हा सरकत. आणि युकारीचं तोंड त्याच्याकडं होतं. माणसाचं तोंड समोर असताना वाघ असा येत नाई. हा येत होता. त्याले ते तोंड दिसत नव्हतं, त्याले ती पाठ वाटत होती. आणि खरंच, त्या वेळेले पोरीची पाठ तीच होती.

 ओरडली तर तो उडी घालन, इतका जवळ होता. मी हळू बोलली, आपल्या घरात बोलतो तशी.

"सायो."

"हो बाई."

"तुझ्या मागं वाघ आहे."

तिनं वळून नाई पाह्यलं. "मले नेहमी गेलेलंच दिसे बाई," ती म्हणाली. "ती पुढं चाले आणि मी जे सरून गेलं ते पाहात राहो. येणारं पहिल्यांदा पाहून राह्यली मी. तुम्ही धावत आल्या, तेही पाह्यलं."

देवा.  पंधराव्या वर्षी गेलेली पोरगी. तिनं पाह्यलं काय होतं? मले तिले रागवाले पाहिजे होतं, पण रागवता येईना. वाघ आणखी सरकला.

"बाई, तुलेही जगाचं होतं, मले समजते," मी म्हणलं. "पण मी एका आईले शब्द देऊन बसली. तिची लेक मले तिले परत द्याची आहे."

"युकारीच्या आईले?"

"तुझ्याच आईले गं."

तिचं हसू गेलं.  मग ते अंग वळाले लागलं. बसल्या जागीच, हळूहळू, जातं फिरते तसं. सायोचा चेहरा पलीकडं गेला, झुडपाकडं. आणि माझ्यासमोर युकारीचं तोंड आलं, पांढरं फटक, डोळे मिटलेले, गालावर उशीच्या घड्या.

सरकणं थांबलं. मी तिकडं पाह्यलं तर वाघ मान वर करून उभा होता.

७

मी युकारीचे दोन्ही हात धरले, उठवलं आणि मागं मागं चालाले लागली. ती झोपेतल्यासारखी माझ्याकडं येत राह्यली. मी तिचं नाव घेत होती, गालावर चापट्या मारत होती, शिव्या पण दिल्या. वाटेले लागलो तेव्हा तिनं डोळे उघडले.

"काकू," ती म्हणाली, "आपण कोठे आहोत?"

त्या पुस्तकातल्या मराठीनं मले रडू फुटलं. मी तिले छातीशी ओढलं, तिच्या डोक्यामागं हात घातला. गाठ होती, दोरी होती. दोरीले काही नव्हतं.

तिच्या खांद्यावरून मी वाटेकडं पाह्यलं. वाघ वाटेवर येऊन बसला होता. आणि आमच्या आणि त्याच्या मध्ये कोणी उभं होतं, आमच्याकडं पाठ करून. इतके दिवस मी तिचं तोंडच पाह्यलं होतं, पाठ आज पाह्यली. ती पंधरा वर्षांच्या पोरीची पाठ नव्हती. ती युकारीपेक्षा उंच होती, खांद्यात भरलेली, चांगली मोठ्या बहिणीइतकी मोठी. इतकी वर्षं ती पण वाढत राह्यली होती, मागच्या मागं.

"ताई आहे ना मागे?" युकारी म्हणाली आणि वळाले लागली.

मी तिचं डोकं दाबून धरलं. तिले दुखलं असन, पण सोडलं नाई. मले तिले सांगाचं होतं की तुझी बहीण किती मोठी झाली, किती ताठ उभी आहे. पण पाह्यलं असतं तर पोरगी तिथून हालली नसती.

"आहे," मी म्हणलं. "पण ती आता येत नाई. ती थांबली. तू चाल."

तिनं माझ्या तोंडाकडं पाह्यलं. मग समोर तोंड करून चालाले लागली. हुंदके देत होती, पाय अडखळत होते, पण सरळ चालत होती. पुढून भागीरथेच्या हाका ऐकू येत होत्या.

मी तिच्या मागून चालत होती आणि वळून वळून पाहात होती. वाट वळली तिथून शेवटचं पाह्यलं. वाघ उठून तिच्याकडं निघाला होता. ती जागची हालली नाई.

युकारी आता जपानहून दर रविवारी फोन करते. हे मी तिले अजून सांगितलं नाई.